चौथा खेळाडू

३ फेब्रुवारी

आज फोनवर माझा गेम आला. माझा म्हणायचा, कारण नाव तेच आहे: शटर. बाकी बघून तळपायाची आग मस्तकात गेली.

फाशाला बोट लावलं की तो उड्या मारत फिरतो, आणि थांबला की वरून रंगीत कागदाचे तुकडे पडतात. एक पडला तरी तुकडे, सहा पडले तरी तुकडे. दुकान बंद पडलं, म्हणजे एका माणसाचं वाटोळं झालं, तरी तुकडे. अरे, कुणाच्या लग्नाला आलोय का आपण?

सुरुवातीला गेमच्या कंपनीने जी माहिती लिहिलीये ती वाचून मलाच माझा गेम कळेना. इतका अवघड आहे का तो? एक रस्ता, चार खेळाडू, प्रत्येकाचं एक दुकान. दुकान चालू ठेवायला पीठ, तेल, साबण लागतं. ते कधी फाशावर मिळतं, कधी शेजाऱ्याशी अदलाबदल करून. माल संपला की शटर खाली. माल उरला की दुसरं दुकान घ्या. शेवटी ज्याची जास्त शटरं उघडी तो जिंकला. झालं. माझ्या टेबलावर माणसं बसली की भांडतात, विनवण्या करतात, एकमेकांच्या मालात डोकावतात, आणि शेवटच्या फेरीपर्यंत कोण जिंकणार हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. ते सगळं ह्यांनी तीन बटणांत कोंबलंय: हो, नाही, बघू.

कंपनी आधी थोड्याच लोकांना खेळायला देणार. ते परत परत खेळले तर महिनाअखेर गेम सगळ्यांसाठी बाहेर, नाहीतर गुंडाळून ठेवणार. सात वर्षं घातलीत मी ह्या एका गेमवर. पट-सोंगट्यांची खोकी छापली तेव्हा दुकानदारांनी ती मागच्या फळीवर टाकली, आणि ज्यांनी घेतली त्यांनी 'मधेच कंटाळा येतो' असं कळवलं. लोकांना खेळता येत नाही, दुसरं काय. आता हा एकच मार्ग उरलाय.

नवरा मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, शटर वर जातानाचा आवाज छान आहे. ह्याला मेलं सगळंच छान वाटतं. मग हळूच पुलाचं काढलं. नदीवर नवा पूल होतोय, तिथे दोन वर्षं जागेवर राहून काम बघायला ह्याला बोलावलंय. आजवर ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या पुलांचे नकाशे तपासले, पूल उभा राहताना कधी बघितला नाही. वीस तारखेपर्यंत कळवायचंय. म्हटलं, आधी गेम बाहेर पडू दे, मग बघू. बरं म्हणाला.

६ फेब्रुवारी

कंपनीत जाऊन भांडून आले. काचेची खोली, फळ्यावर आधीच्या मीटिंगचं अर्धवट पुसलेलं काहीतरी, आणि कोपऱ्यात एक वाळकी कुंडी. तिला पाणी घालायचं काम बहुतेक सगळ्यांचं आहे, म्हणजे कुणाचंच नाही.

समोर दोघं. एक ह्या कामाची प्रमुख, तिला मी मनात हसरी म्हणते. तिचं प्रत्येक वाक्य 'छान'पासून सुरू होतं. मी म्हटलं, ते कागदाचे तुकडे बघून मला मळमळतं. ती म्हणाली, छान, मोकळेपणाने सांगितलंत. दुसरा प्रोग्रामर. पन्नाशीचा, केस पांढरे, कोपरावर विरलेला स्वेटर. तो मौनी. बोलायचं म्हटलं की आधी पाणी पितो.

तुकडे काढायचं कबूल झालं. प्रत्येक चालीला लावलेलं घड्याळ मात्र राहिलं. मी म्हटलं, माणूस गयावया करत असताना घड्याळ कसलं लावता? हसरीचं म्हणणं, फोनवर लोक थांबत नाहीत. लोक थांबत नाहीत की तुम्ही थांबू देत नाही, असं विचारणार होते, पण तेवढ्यात मौनी पाणी प्यायला.

त्याला एक विचारायचं होतं. माणूस एकटाच खेळत असेल तर बाकीचे तिघं कॉम्प्युटर. मग अदलाबदल करताना कॉम्प्युटरने बघायचं काय? माझ्या पुस्तिकेत तर फक्त 'आपापसात ठरवा' एवढंच आहे. मला हसूच आलं. म्हटलं, त्यात काय बघायचंय? आपला फायदा असेल तर द्यायचं, नसेल तर नाही द्यायचं. शेंबडं पोरही सांगेल. त्याने मान हलवली आणि लिहून घेतलं.

९ फेब्रुवारी

सकाळपासून खेळतेय. केर नाही, कपडे नाहीत. दर वेळी तेच. कुणाला तरी सुरुवातीला चांगले फासे पडतात, त्याचं दुसरं दुकान होतं, दोन दुकानांचा माल येतो, मग तिसरं. बाकीचे माल मागत बसतात आणि कॉम्प्युटर म्हणतो नाही, नाही, नाही. अर्ध्यातच कळतं कोण जिंकणार. पुढचा खेळ म्हणजे निकाल लागल्यावर पेपर लिहायचा.

माझ्या गेममध्ये असं होत नाही. कधी म्हणजे कधीच नाही. खालचा वर जातो, वरचा खाली येतो, तीच तर त्यातली मजा. ह्यांनी फाशात घोळ घातलाय, पैज लावते.

नवऱ्याला खेळायला दिला. थोडा वेळ खेळला, मग फोन पालथा ठेवून खिडकीशी जाऊन उभा राहिला. विचारलं, काय झालं? म्हणाला, सगळे फार हिशेबी आहेत. म्हटलं, मी फाशाचं विचारतेय, त्यांच्या स्वभावाचं नाही.

१० फेब्रुवारी

फाशाबद्दल कंपनीला लांबलचक मेल लिहिली. शेवटची दोन वाक्यं नवऱ्याने काढायला लावली. एक मी परत घातलं.

१३ फेब्रुवारी

हसरीचं आज पहिलं वाक्य 'छान'पासून सुरू झालं नाही. लोक गेम उघडतात, अर्ध्यावर सोडतात, परत फिरकत नाहीत. पडद्यावर एक रेघ दाखवली, ती सरळ खाली जाते. तिने आवाज खाली आणून सांगितलं की हे असंच राहिलं तर तिला वरच्यांना तोंड दाखवणं कठीण आहे. मी म्हटलं, फासा सुधारा. मौनीने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. त्याने हजारो वेळा फासा टाकून बघितला होता, सगळे आकडे सारखेच पडत होते. नाचता येईना अंगण वाकडं असं तो म्हणाला नाही, पण त्याच्या भुवया म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, या घरी, दाखवते खरा गेम काय असतो ते. हसरीला दुसरं काम होतं. मौनी येतो म्हणाला.

घरी आले तर नवऱ्याने सांगितलं की पुलाच्या लोकांनी त्याला एकदा जागा बघून जायला बोलावलंय. जा की, मी कुठे अडवलंय. फक्त परवा घरी थांब, चौथा लागेल.

१५ फेब्रुवारी

जिंकले मी. गेम नाही, वाद.

जेवणाच्या टेबलावर नेहमीची मंडळी: मी, नवरा, माझी नणंद, आणि शेजारचा सुतार, ज्याने पहिल्या पटाच्या सोंगट्या कापून दिल्या होत्या. सात वर्षं बहुतेक हेच चौघं. गेममधला एकेक नियम ह्याच टेबलावर घासूनपुसून घेतलाय. मौनी स्टूल ओढून मागे बसला.

काय रंगला खेळ. सुतार सुरुवातीलाच सुसाट सुटला. नणंदेचं एकुलतं एक शटर खाली येणार, इतक्यात तिने आपल्या भावाकडे पीठ मागितलं. त्याने दोन पोती दिली, आणि बदल्यात घेतलं काय, तर साबण, जो त्याच्याकडे आधीच ढिगाने होता. मी म्हटलं, "अक्कल गहाण टाकलीस का रे?" सगळे हसले, तोही हसला. पुढे मी अडकले तर मला तेल. सुतार घसरला तर त्याला पीठ. शेवटच्या फेरीत नणंद एका दुकानाने जिंकली आणि तिने खुर्चीवर उभं राहून नाच केला. नवरा नेहमीप्रमाणे शेवटचा. सात वर्षांत हा माणूस एकदाही जिंकलेला नाही. पुलांची गणितं करतो, पण वाण्याच्या दुकानात उभा केला तर संध्याकाळपर्यंत दुकान वाटून मोकळा होईल.

मौनीला म्हटलं, बघितलंत? त्याचं पटाकडे लक्षच नव्हतं. नवऱ्याच्या हातांकडे बघत बसला होता. निघताना चपला घालत त्याने विचारलं, "साहेब नेहमी असंच खेळतात?" म्हटलं, हो, सुधारायची आशा नाही. मग म्हणाला, एकदा त्यांच्याशिवाय खेळून बघाल का. बिचाऱ्याला वाटलं असेल, कच्चा खेळाडू काढला की गेम अजून रंगेल.

१८ फेब्रुवारी

हात दाखवून अवलक्षण.

नवरा पुलाची जागा बघायला गेलाय, उद्या येईल. त्याच्या खुर्चीत मौनीला बसवलं आणि खेळलो. आज मला चांगले फासे पडले, माझी पटापट दुकानं झाली. नणंदेने पीठ मागितलं. मी नाही म्हटलं, मला कुठे परवडत होतं. सुतार नाही म्हणाला. मौनीने नाही अशी मान हलवली. तिचं शटर पडलं. मग मौनीचं. सुतार फोनमध्ये डोकं घालून बसला आणि नणंद उठून एक संत्रं घेऊन आली. कुणाला फोड हवी का, असं विचारत होती. मी भडकले. म्हटलं, अर्धा खेळ बाकी आहे अजून.

"बाकी कुठे आहे, वहिनी?" ती म्हणाली. "दादा नाही ना आज. दादा असला की पीठ मिळतं."

मी सुताराकडे बघितलं. त्याने फोन खाली ठेवला. म्हणाला, ताई, ते तर आम्हाला पहिल्यापासून माहीत आहे, अडलं की साहेबांकडे बघायचं. मला वाटलं तुम्ही दोघांनी ठरवूनच केलंय.

पहिल्यापासून. सगळ्यांना. मी सोडून. मौनीने सोंगट्या गोळा केल्या, रंगांप्रमाणे लावून डब्यात ठेवल्या. त्याने निदान 'मी म्हटलं नव्हतं का' असा चेहरा केला असता तर मला भांडता आलं असतं. खोकी घेतलेल्या लोकांना खेळता येत होतं. त्यांच्या घरात हा नव्हता, एवढंच. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही, आणि लाज वाटली की मला राग येतो. उद्या येऊ दे त्याला.

१९ फेब्रुवारी

तो आला तो बुटांना चिखल आणि चेहऱ्यावर आनंद घेऊन. फोनमधले फोटो दाखवायला लागला. मी फोटो बघितले नाहीत.

"तू मुद्दाम हरतोस?"

तो बुटाची नाडी सोडत होता. "मुद्दाम हरत नाही गं. मागितलं की देतो."

"सात वर्षं?"

"सुरुवातीला लोक मधूनच उठून जायचे. तुझ्या मेव्हण्याने तर सरळ पेपर उघडला होता. तुझं तोंड बघवेना मला. मग एकदा पीठ देऊन बघितलं, तर शेवटपर्यंत सगळे बसले. तू त्या दिवशी किती खूष होतीस."

"मला सांगायचंस ना, गेम वाईट आहे म्हणून."

"वाईट नाहीये," तो म्हणाला. "चौघांतला एक हरायला तयार असला तर फार चांगला आहे."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. बाहेर आले तेव्हा त्याने बूट घासून ठेवले होते आणि चहा केला होता. चहा घेतला मी. गारच करून घेतला, पण घेतला.

२० फेब्रुवारी

आज पुलाला कळवायचा दिवस. सकाळी दाढी करता करता म्हणाला, नाही म्हणून टाकतो. तुझा गेम असा लोंबकळत असताना जाऊन कसं चालेल, परत सगळं मांडायला माणूस लागेल तुला. पूल काय, अजून होतील. हे सगळं आरशात बघून, गालाला साबण लावून.

काय झालं मला कोण जाणे. म्हटलं, आधी एक डाव खेळ. आणि जिंकायला खेळ. बघू दे तुला येतं तरी का. नणंदेला आणि सुताराला कामावर जायच्या आधी धरून आणलं. दोघं घाबरून बसले होते.

बापरे. हा माणूस खेळतो. डोळे बारीक करून, एकही पोतं वाया न घालवता. दुसरं दुकान, तिसरं दुकान. माझं तेल संपत आलं. मी मागितलं. त्याने माझ्याकडे बघितलं, कान लाल झाले, आणि "नाही," म्हणाला. माझं शटर पडलं. नणंदेचं पडलं. अर्ध्यातच संपवलं त्याने सगळं, आणि मग जो हसायला लागला. मोठ्याने, मान मागे टाकून. असं हसताना मी त्याला शेवटचं कधी बघितलं ते आठवेना. माझा गेम माझ्या डोळ्यांदेखत मेला होता आणि नवरा हसत होता. मला राग आला, पण कुणाचा ते काही समजेना.

मंडळी गेल्यावर तो सोंगट्या भरत होता. म्हटलं, पुलाला हो कळव.

"आणि गेम?"

"गेम माझा आहे. बघेन मी."

त्याने दोनदा विचारलं, नक्की ना. दुसऱ्यांदा मी ओरडले तेव्हा विश्वास बसला.

२३ फेब्रुवारी

मौनीने माझ्या घरून गेल्यावरच एक चौथा खेळाडू बनवून ठेवला होता, मला न सांगता. मागेल त्याला देणारा कॉम्प्युटर. तीन दिवसांपूर्वी लोकांच्या फोनवर सोडला. रेघ वर गेली. लोक शेवटपर्यंत खेळतायत, परत येतायत. हसरीचं 'छान' परत आलं. ह्याच्या जोरावर गेम महिनाअखेर बाहेर.

नवऱ्याला सांगितलं. सामान भरायचं सोडून त्याने मला मिठी मारली. त्याच्या अंगावरचं एक ओझंच उतरलं.

मग मी लोकांनी काय लिहिलंय ते वाचलं. 'तो चौथा येडा आहे, काहीही मागा, देतो.' 'आधी चौथ्याला लुटा, मग खेळा.' 'चौथ्याला अक्कल कधी येणार?' एकाने तर चौथ्याचं एकही दुकान उरू न देता जिंकायचं कसं, ते समजावून सांगितलंय, आणि खाली बाकीचे टाळ्या वाजवतायत. हे कोण लागून गेले त्याला असं बोलणारे? आम्ही घरात चिडवतो ती गोष्ट वेगळी. त्याला ते कळतं.

२५ फेब्रुवारी

दोन दिवस दुसरा उपाय शोधला. पुढे असलेल्याने मागच्याला द्यायचंच, असा नियम करून बघितला. नणंद म्हणाली, ह्यात मागण्यात काही मजा नाही. खरं होतं. आणखी एक करून बघितला, तो त्याहून वाईट. ह्याला महिने लागतील.

कंपनीत जाऊन तेच सांगितलं. चौथा काढा, मला वेळ द्या. हसरीने आज पहिल्यांदा मला सरळ उत्तर दिलं. वेळ नाही. चौथा ठेवलात तर बाहेर काढतो, काढलात तर गुंडाळतो. तिचंही खोटं नव्हतं. मग तिने समजूत घातली, मॅडम, तो काही खरा माणूस नाही.

मी म्हटलं, "गुंडाळा."

तिला वाटलं मी नीट ऐकलं नाही. परत विचारलं. परत तेच सांगितलं. सात वर्षं त्या काचेच्या खोलीत ठेवून आले मी. मौनी लिफ्टपर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, नवीन नियम सापडला तर आधी मला सांगा. पाणी न पिता एवढं लांब वाक्य त्याच्याकडून मी पहिल्यांदा ऐकलं.

घरी नवरा बॅगेवर बसून चेन लावत होता. विचारलं, काय म्हणाले? म्हटलं, सगळं ठरलं. चेन नीट लाव, तुटेल.

४ मार्च

आज त्याचा फोन आला. तिकडे फोनच जेमतेम लागतो, टेकाडावर चढून बोलावं लागतं. नणंद माझ्या समोर बसून नव्या नियमाचे पत्ते कापत होती. नवा नियम जमत नाहीये, कालचा डावही मधेच मेला.

तो पुलाबद्दल सांगत सुटला. नदीच्या मध्यात पहिला खांब उभारतायत, पाणी अडवून कोरडं केलेल्या जागेत हा स्वतः उतरला होता. डोक्याच्या वर दोन्ही बाजूंना नदी, आणि आपण तळाशी कोरड्या बुटांनी उभे. मी मधे मधे विचारत होते, तोही सांगत होता. मग एकदम म्हणाला, अगं, माझंच काय सांगत बसलोय, गेम कसा चाललाय?

म्हटलं, "मस्त. लोक परत परत खेळतायत."

"बघ. मी उगाच काळजी करत होतो."

"उगाचच," मी म्हटलं. "तू तुझा खांब बघ."

खरं सांगितलं असतं तर टेकाडावरून उतरून तसाच गाडीत बसला असता. ओळखते ना मी त्याला. फोन ठेवला तर नणंदेने कात्री खाली ठेवलेली. माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "वहिनी, दादाला एक दिवस कळणारच."

म्हटलं, कळू दे की. पूल झाल्यावर कळू दे.